नव्या दिव्यांची खंडेनवमी

ऑक्टोबर १९७७, खंडेनवमी. काम: हत्यारं घासून पुसून पाटावर मांडणं.

हे काम दर वर्षी माझ्याकडे असे. ओट्यावर पोतं अंथरायचं, अण्णांच्या गाडीची पेटी त्यावर पालथी करायची आणि एकेक पाना रॉकेलच्या बोळ्यानं चोळून वर्षभराचं काळं ग्रीस उतरवायचं. गाडी म्हणजे ट्रक. आमच्या घरात ट्रकला ट्रक कोणी म्हणत नसे. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, टायर उचकटायची टॉमी, जॅकचा दांडा, हातोडा. त्यांच्या शेजारी आईची विळी, खुरपं, कोयता आणि शिवणाची कात्री. सगळं ओळीनं मांडलं की आई हळदकुंकू आणि झेंडू वाहायची. तिथून पुढे दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता टाकून पाट हलवेपर्यंत त्यातल्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही. "वरीसभर राबत्यात, एक रात त्यास्नी पण झोपू द्या," असं आई म्हणायची. तिच्या राज्यात या नियमाला सूट नव्हती. भाजी आधीच चिरून ठेवायची. नंतर कांदा लागला तर बुक्कीनं फोडायचा. एका वर्षी माझ्या टाचेत काटा मोडला आणि सुई पाटावर होती, म्हणून मी काटा घेऊनच झोपले. सकाळी निघाला. मला काही झालं नाही.

आमचं घर मोशीत, नाशिक रस्त्याला लागून. पुढे अंगण, अंगणात गाडी, गाडीच्या पुढे रस्ता आणि रस्त्याच्या पलीकडे शाळेची चुन्यानं रंगवलेली लांबलचक भिंत. त्या काळी रस्त्याला दिव्याचे खांब नव्हते. वारा तिकडून असला की भोसरीच्या कंपन्यांचा भोंगा ऐकू यायचा, आणि आई त्यावर दूध चुलीवरून उतरवायची. घराला डिझेल, कांदा आणि ताजं सारवण यांचा मिळून एक वास होता. वर्गातल्या मुली मला त्यावरून चिडवत, आणि मला मात्र तो वास चार दिवस मामाकडे राहून परत आल्यावरच जाणवायचा. आता त्या जागी उंच इमारत आहे. परवा तिथे एका नातेवाइकांच्या वास्तुशांतीला गेले होते. लिफ्टमध्ये अत्तराचा फवारा मारला होता. चांगली सोय आहे, पाणी चोवीस तास आहे. मी जिन्यात उभी राहून उगाचच एकदा खोल श्वास घेऊन पाहिला, आणि मग जेवायला बसले.

अण्णा, म्हणजे माझे वडील पोपटराव, चाकणच्या बाजारातून कांदा-बटाटा भरून पुण्याला न्यायचे. चांगलं उजाडल्याशिवाय निघायचे नाहीत आणि दिवस मावळायच्या आत गाडी अंगणात लागलेली असायची. लोक म्हणत, पोपटराव म्हणजे घड्याळाचा माणूस. बाकीचे ड्रायव्हर अपरात्री धाब्यावर पडलेले असत, आणि आमचे अण्णा दिवेलागणीला ओट्यावर बसून पाय धूत असत. आम्हाला त्याचा अभिमान होता. पण त्या वर्षी बाजारात टेम्पो फार झाले, कांदा त्यांच्याकडे गेला, आणि आठवड्यातले निम्मे दिवस गाडी अंगणातच उभी राहू लागली. तेवढ्यात भोसरीच्या एका ओतकामाच्या कारखान्यातून निरोप आला: मुंबईला माल न्यायचा, काम कायमचं, पण गाडी रात्रीची. संध्याकाळी भरायची, रातोरात खंडाळ्याचा घाट उतरायचा आणि पहाटे मुंबईत खाली करायची. पहिली फेरी दसऱ्याच्या संध्याकाळी. अण्णा हो म्हणून आले. आईनं ते ऐकलं आणि परातीतलं पीठ मळता मळता तिचे हात थांबले. मला वाटलं, तिला सणाच्या दिवशी गाडी बाहेर जाणं आवडलं नसेल.

त्याआधी श्रावणात एक गोष्ट घडली होती. बाजारात खोळंबा झाला म्हणून अण्णांना यायला अंधार पडला, आणि इंद्रायणीच्या पुलावर गाडीचं मडगार्ड कठड्याला घासलं. फार काही नाही, पत्रा चेपला. घरी आल्यावर अण्णा गाडीवरच तणतणले, "दिवे हायत का पणत्या? वात कुठं वर करायची त्येच कळंना!" आम्ही सगळे हसलो. रात्रीचं काम धरल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की पुण्याला जाऊन मोठ्या काचेचे नवे दिवे घेऊन आले. आई ते बघून म्हणाली, "आता गं बया! परातच बसवा की तोंडाला."

दिवे बसवले सत्तारचाचांनी. भोसरीच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती, गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. बोलायला तिखट, हाताला सावकाश. अण्णांची आणि त्यांची दोस्ती मी कळती होण्याच्या आधीची. नवमीला संध्याकाळी ते आमच्याकडे पुरणाचं जेवायला येणार हे ठरलेलं असे. दिवे बसवले त्या दिवशी मी शाळेतून परस्पर शेडवर गेले होते. नव्या दिव्यांना जुन्याहून जास्त करंट लागतो, म्हणून त्यांनी प्रत्येक दिव्याला अर्थिंगची एकेक वेगळी काळी वायर जोडली, आणि तिचं दुसरं टोक गाडीच्या सांगाड्याला कसण्याआधी तिथला रंग खरवडून लोखंड उघडं केलं. मला सांगितलं, "वीज एका तारेनं येते आणि गाडीच्या अंगातून परत जाते. म्हणून अंग उघडं पाहिजे. आंघोळीसारखं आहे, कपड्यावरून पाणी ओतून उपयोग नाही." शेडच्या अंधारात दिवे लावले तर समोरच्या पत्र्यावरचे खिळे मोजता आले असते.

म्हणजे दिवे चांगले होते. हे मी स्वतः पाहिलं होतं, म्हणून पुढचं सांगते.

खंडेनवमीला दुपारी गाडीची पूजा झाली. दगडू पेंटरनं आठवडाभर खपून गाडी हिरवीगार रंगवली होती, प्रत्येक दिव्याखाली एकेक गुलाबी कमळ काढलं होतं. बंपरला केळीचे खुंट, आरशांना झेंडूच्या माळा. आईनं नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. गाडीपासून ओट्यापर्यंत दोन्ही बाजूंनी तिनं सकाळीच दगड मांडून त्यांना चुना फासला होता. मी विचारलं होतं, हे कशाला? "सणाचं बरं दिसतं," ती म्हणाली होती. घरात कडाकण्या तळल्याचा वास होता, कटाची आमटी उकळत होती, आणि सत्तारचाचा पांढरा सदरा घालून, टोपी मांडीवर ठेवून ओट्यावर बसले होते. अंधारून यायला लागलं तसे अण्णा उठले. "सत्तार, तुझं काम दाव की वहिनीला." केबिनमध्ये चढले आणि दिवे लावले.

दोन तांबडे ठिपके दिसले. विझत आलेल्या निखाऱ्यासारखे. शाळेच्या भिंतीवर काहीही पडलं नाही.

"ह्यो उजेड?" अण्णा आतून ओरडले. "यापरीस पणत्या बऱ्या हुत्या की रं!"

सत्तारचाचांचा चेहरा उतरला. ते ओट्यावरून उतरून गाडीपुढे आले, कमरेवर हात ठेवून दिव्यांकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "सुमन, हॉर्न वाजव बेटा." मी अण्णांच्या मांडीवरून हात घालून हॉर्न दाबला. गावातली कुत्री भुंकायला लागली. म्हणजे बॅटरीत दम होता. त्यांनी मला बल्ब बघायला लावले. काचेला डोळा लावून पाहिलं, तारा दोन्हीकडे शाबूत होत्या. केबिनमध्ये स्विचला हात लावून पाहिला, गार होता. मग म्हणाले, "आता अप्पर मार." अप्पर म्हणजे लांबचा उजेड. अण्णांनी अप्पर मारला आणि मोठे दिवे आणखीच मंदावले, पण त्यांच्या बाजूचे छोटे पार्किंगचे दिवे, ज्यांचा स्विच बंद होता, ते आपोआप मिणमिणायला लागले.

"बघ," चाचा म्हणाले. "बोलावलं एकाला, आला दुसराच. का?"

मी दहावीत होते आणि शास्त्रात मला गती होती. पण शाळेच्या पुस्तकातल्या सर्किटला परत जायला छानपैकी रेघ काढलेली असते. इथे ती रेघ गाडीचं अंग होतं. मी म्हटलं, "वीज आत येतेय, पण तिला परत जायला वाट नाही. म्हणून ती शेजारच्याच्या घरातून चाललीय."

"मग वाट कुठे अडली?"

"अर्थिंगला."

मी मडगार्डखालून हात घालून चाचांनी जोडलेली काळी वायर चाचपडत गेले. ती होती. टोक जागेवर होतं, नटही होता. पण बोटांना लोखंड लागलं नाही. गुळगुळीत, जाड, अजून जरासा चिकट असा काहीतरी थर लागला. बोट बाहेर काढलं तर हिरवं.

"अण्णा, दगडूकाकांनी दिवे बसवल्यानंतर परत रंग दिला का?"

अण्णा केबिनमधून डोकावले. "काल येऊन गेला. म्हनला, अण्णा, सत्तारनं ठायी ठायी खरवडून ठिवलंय, पूजेला गाडी अशी खरूज झाल्यावानी बरी दिसंल का? समदं सोडवून, आतून-बाहेरून हात मारून परत जोडून गेला. चांगलं दोन हात दिलं त्यानं."

"चांगलं म्हणजे काय, माझ्या छातीवर दिलं," सत्तारचाचा म्हणाले. "राव, तुमच्या दगडूला एकदा अंगभर रंग लावून उन्हात उभा करा."

खरं तर आता पाच मिनिटांचं काम होतं. नट सोडायचे, रंग खरवडायचा, वायर परत कसायची. मी सवयीनं ओट्याकडे वळले, आणि पाटाच्या पुढे आई उभी होती.

"न्हाई," ती म्हणाली.

"अगं, एकच पाना."

"हळदकुकू लागलंय त्याला. उद्या सकाळी."

अण्णा खाली उतरले. "अगं, उद्या सनाचं दिवसभर मानसं येत्यात, सांजच्याला गाडी काढायची. दिवं आजच बघाया पायजेत, अंधार हाय तवर."

"मग हातानं बघा."

अण्णांनी आशेनं दोस्ताकडे पाहिलं. "सत्तार, तुझी पेटी?"

"माझी पण पाटावर," चाचा म्हणाले. "शेडमधल्या पोरांनी सकाळीच फुलं वाहिली. देव तुमचा असेल राव, पण पाना माझा आहे. झोपलाय तर मी उठवत नाही."

आई त्यांच्यावर खूश झाली. आम्ही मात्र अंगणात हात हलवत उभे. दगडू पेंटरला नट आवळायची अक्कल नव्हती ही त्या दिवशी देवाचीच कृपा म्हणायची, ते बोटांनी सुटले. स्क्रू मी चार आण्याच्या नाण्यानं फिरवले. पण वाळत आलेला ऑइलपेंट बोटांनी निघत नाही. मी स्वयंपाकघरात गेले, सगळीकडे नजर फिरवली आणि कढईतलं उलथणं उचललं.

"हे पाटावर नव्हतं," मी आईला म्हटलं.

आईनं उलथण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ती खरोखर विचार करत होती. उलथणं हे हत्यार आहे की नाही यावर त्याआधी आमच्या घरात कधी निर्णय झाला नव्हता.

"त्याला धार न्हाई," शेवटी ती म्हणाली. "ने. पर कडाकन्या ऱ्हायल्यात माझ्या, धुऊन आन."

खरवडण्याआधी खात्री करायची, हे मला चाचांनीच शिकवलं होतं. दोष सापडलाय असं वाटलं म्हणजे सापडला असं नसतं. तोरण ओवायला आणलेली जुन्या डायनॅमोतली तांब्याची तार शिल्लक होती. तिच्यावर रोगणाचा पातळ थर असतो. मी चार-पाच पदर एकत्र पिळले, टोकं चुलीत धरून रोगण जाळलं आणि चिंचेनं घासून लाल केली. एक टोक दिव्याच्या मागच्या बोल्टला, दुसरं थेट बॅटरीच्या अर्थला टेकवलं. तो दिवा असा उसळून पेटला की शेजारचा म्हातारा बैल दावं तोडायला लागला. सत्तारचाचा मान डोलावत म्हणाले, "आता खरवड."

मी मडगार्डखाली उताणी शिरून उलथण्यानं रंग काढला. माझ्या केसांत, पापण्यांवर हिरवे कपटे पडत होते. एका बाजूला हात सटकला आणि कमळाच्या दोन पाकळ्या गेल्या. अण्णा कळवळले. लोखंड दोन्हीकडे उघडं झालं, वायरींची टोकं चिंचेनं घासली, कसली, आणि मी बाहेर आले. या कामानं पुढे मला आयुष्यभर जेवायला घातलं. नाशिक रस्त्याला माझं वायरिंगचं दुकान आहे, आणि कोणी ड्रायव्हर दिवे मंद आहेत म्हणून आला की मी त्याला नवा बल्ब विकण्याआधी बोट घालून अर्थिंग बघते. आजकाल उलटीच तक्रार जास्त. ते पांढरे झक्क दिवे लावून येतात आणि समोरच्याला आंधळं करतात. त्यांना मी दिव्यांची मान खाली घालायला लावते. पण ते असो.

अण्णांनी दिवे लावले. शाळेची भिंत दिवसासारखी उजळली. चुन्यावरचे ब्रशचे फटकारे, खाली पोरांनी लिहिलेली एकमेकांची नावं, सगळं दिसत होतं. आई दारात येऊन "अगं बाई" म्हणाली. सत्तारचाचा फुटबोर्डवर चढून अण्णांच्या खिडकीशी उभे राहिले आणि मला कोळसा घेऊन भिंतीकडे पिटाळलं. दिव्यांच्या उंचीवर भिंतीला खूण करायची, आणि उजेडाचा मध्य त्या खुणेच्या वीतभर खाली पडतोय का बघायचं, ही त्यांची रीत. मी डाव्या कोपऱ्यात उभी राहून खूण केली, आणि उजेड बरोबर पडतोय असं ओरडून सांगितलं. मग मला वाटलं, कडेला कितपत पसरतोय तेही बघावं. म्हणून मी भिंतीच्या कडेनं चालत उजव्या टोकाला, बाभळीच्या खोडाशी जाऊन उभी राहिले. तिथेही माझ्या परकराची नक्षी मला स्वच्छ दिसत होती.

"दिसते का मी?" मी विचारलं.

"दिसते की!" चाचा ओरडले. "नाकावरचा हिरवा रंग पण दिसतोय. पोपट झालाय तुझा!"

"अण्णा, तुम्हाला?"

"व्हय व्हय," अण्णा म्हणाले. "दिसली, दिसली." आणि त्यांनी खिडकीतून हात काढून हलवला. डाव्या कोपऱ्याकडे. जिथे मी आधी होते.

अण्णा रिकाम्या भिंतीकडे बघून हसत होते. सत्तारचाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अण्णांच्या हाताकडे पाहिलं, आणि ते फुटबोर्डवरून खाली उतरले. खाली उतरताना त्यांनी अण्णांचा तो हलणारा हात धरून हळूच खिडकीवर ठेवला.

"झाले दिवे, राव," ते म्हणाले.

"झालं, पर अजून जरा कमीच वाटत्यात," अण्णा म्हणाले. "बल्ब हलका दिला का रं त्यानं?"

मी तिथेच उभ्या उभ्या मनात उजळणी केली. बॅटरी बघून झाली, बल्ब बघून झाले, स्विच, वायर, अर्थिंग. नव्या दिव्यांत आता काहीही कमी नव्हतं. तपासायचं राहिलं होतं ते स्टिअरिंगच्या मागे बसलेलं होतं.

अण्णांनी दिवे बंद केले. ओट्यावरचा बल्ब अजून लावलेला नव्हता, अंगणात एकदम काळोख झाला, आणि मला आईचा आवाज आला, रोजचाच, अगदी साधा: "इकडून या. दगडाच्या कडंकडंनं." अण्णा उतरले आणि चुन्याच्या दोन पांढऱ्या ओळींमधून, पाय जरा घासत, सरळ ओट्याशी आले.

जेवायला बसलो. पुरणपोळी, कटाची आमटी, घेवड्याची भाजी. आमच्याकडे तेव्हा एकच बल्ब होता आणि तो ओट्यावर; आत चिमणी. आई अण्णांना वाढताना म्हणाली, "आमटी उजव्या हाताला हाय. तूप पोळीवर घातलंय." हे ती रोजच म्हणायची. जन्मापासून ऐकत आले होते, म्हणून कधी ऐकलंच नव्हतं. सत्तारचाचा एरवी पोळीवरून आईशी भांडत, आणखी नको म्हणत आणि आणखी दोन खात. त्या दिवशी ते गुपचूप जेवले आणि लवकर निघाले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अर्थिंग चांगली धरलीस." आणि दारातून परत वळून, हळू आवाजात, "घाटात वळणं फार आहेत गं."

मागच्या दारी भांडी घासायला मी आईजवळ बसले.

"आई, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अण्णांना संध्याकाळनंतर..."

"परात घास नीट. कडंला राहिलंय बघ."

मी परात घासली. ती उपडी घातली. आई उलथण्यावरचा हिरवा रंग काढत होती, तो तिला निघत नव्हता. तो घासता घासता ती म्हणाली, "लगीन होऊन मी आले, तवापासनं. तिन्हीसांजेला शेतातनं घरी येताना माझा हात धरायचे. तवा गावात कोनी बायकूचा हात धरत न्हवतं. मला वाटायचं, हौसेनं."

ती हसली. मीही हसले. मग ती म्हणाली, "सांगता येत न्हाई गं त्यास्नी. येत असतं तर दिवं आनलं असतं का?"

त्याला नाव आहे हे मला पुढे कळलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मूळचाच रातांधळेपणा, चष्म्यानं जात नाही, दिवसा मात्र गाडी चालवायला हरकत नाही. पण त्या दिवशी आमच्या घरात त्याला नाव नव्हतं. फक्त चुना लावलेले दगड होते, उजव्या हाताची आमटी होती, आणि लवकर घरी येणारा घड्याळाचा माणूस होता. एवढ्या सगळ्यावर एवढी वर्षं निभावलं होतं. घाटात कोणी दगडांना चुना लावून ठेवला नव्हता.

"मी बघते सकाळी," मी म्हटलं.

सकाळी आईनं आंघोळ करून पाटावर अक्षता टाकल्या आणि पाट जरासा हलवला. हत्यारं मोकळी झाली. दसऱ्याला पहिलं हत्यार उचलून काहीतरी कामाला सुरुवात करायची असते; ते वर्षभर लाभतं म्हणतात. मी स्क्रूड्रायव्हर आणि एक पाना उचलला, त्यांच्यावरचं कुंकू तसंच राहू दिलं, आणि गाडीपुढे जाऊन बसले. अण्णा ओट्यावर चहा घेत होते. मी मुद्दाम त्यांच्या समोर, उघड्या उजेडात, डाव्या दिव्याचा नट सोडला. काळी वायर काढली. मग उजव्या दिव्याची काढली. दोन्ही बाजूच्या खरवडलेल्या लोखंडावर काल खरवडून काढलेला चिकट रंग बोटानं फासला.

अण्णांनी बशी खाली ठेवली. दिवसाउजेडी त्यांना सगळं दिसायचं. मी काय करते आहे ते त्यांना चांगलं दिसत होतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"अर्थिंग परत गेलंय."

"रातीत?"

"हो."

"सत्तारला बोलवायचं का?"

"चाचांच्यानं पण नाही व्हायचं. हे दिवे रात्रीच्या कामाचे नाहीत अण्णा. दिवसा चालतील."

ते खूप वेळ माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. नजर खाली घातली असती तर ती दया झाली असती, आणि दया त्यांनी घेतली नसती. आई दारात तोरण बांधत होती, तिनं मागे वळून पाहिलं नाही. शेवटी अण्णांनी बशी उचलली, उरलेला चहा ओतला आणि कमळाकडे बघत म्हणाले, "त्या दगडूनं वाट लावली बघ दिव्याची."

"लावलीच."

"मग कंपनीत सांगाया पायजे. रातची गाडी न्हाई जमत म्हनावं."

"मी जाऊन येते. त्यांच्याकडे पुण्यापर्यंतच्या दिवसाच्या फेऱ्या पण असतात. त्या मागते."

"तू?" अण्णा म्हणाले. मग, "दिव्यात फॉल्ट हाय म्हनून सांग. सापडत न्हाई म्हन."

"सांगते."

मी साबणानं हात धुतले. नखांतला हिरवा रंग गेला नाही. सण असला तरी माल पाठवणारा कारकून गेटवर असणार होता, म्हणून त्याला द्यायला आपट्याची दोन पानं वेणीत खोवली, दोन्ही काळ्या वायरी दप्तरात तळाशी टाकल्या, आणि सायकल काढून भोसरीच्या रस्त्याला लागले.